जुनी आलिशान गाडी दणके का देते? शॉकअप बदलण्याआधीची तपासणी

पेडण्यापासून काणकोणपर्यंत कुठल्याही गॅरेजात जुनी मर्सिडीज किंवा बीएमडब्ल्यू घेऊन जा आणि म्हणा, "गाडी फार दणके देते हो." मेस्त्री चाकाकडे नजर टाकतो आणि सांगून मोकळा होतो, "साहेब, शॉकअप गेलेत." मग चारही शॉकअप येतात, बसतात, बिल भरून होतं आणि घरी परतताना पहिल्याच खड्ड्यात तोच दणका बसतो.

यात मेस्त्रीची लबाडी नसते. छोट्या गाड्यांमध्ये हे निदान बऱ्याचदा चालून जातं. पण गेलेला शॉकअप गाडी कडक करत नाही, सैल करतो. तेल गळालं की स्प्रिंगला आवरणारं कुणी उरत नाही आणि गाडी खाडीतल्या होडीसारखी डुलायला लागते. तुमची गाडी डुलत नसेल आणि नुसती आपटत असेल, तर गुन्हेगार बहुधा दुसराच आहे. कडक राइडचा अर्थ असा की चाकाला वर-खाली व्हायला जी मोकळीक हवी ती कुठेतरी अडलीय, किंवा मधलं जे रबर धक्का पिणार होतं ते मेलंय. अडलंय कुठे, हे शोधायचं. बरंचसं शोधकाम फुकटात होतं, म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी फुकटचं, मग शे-दोनशेचं आणि शेवटी हजारांचं.

दणका ओळखा

"गाडी कडक आहे" एवढ्यावर निदान होत नाही. बारीक, टोकदार उंचवट्यावर हाताला आणि पाठीला थरथर जाणवते का? की लहानसहान गोष्टी गाडी गिळते आणि मोठ्या खळग्यात मात्र खालून "धप्प" येतं? दोन्ही चाकं एकत्र चढतात तेव्हा ठीक, पण एकच चाक खड्ड्यात गेलं की गाडी आडवी हिसका देते? की सगळं ठीक असून नुसता टकटक आवाज येतो? चारही तक्रारींची कारणं वेगळी. थरथर बहुतेक वेळा टायर, बुश (सांध्यांतलं रबर) किंवा माउंटिंगकडे (शॉकअप वर बॉडीला जोडणारी रबरी बैठक) बोट दाखवते. "धप्प" म्हणजे सस्पेन्शन तळाला टेकतंय. एका चाकाचा हिसका स्टॅबिलायझर बारकडे, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणाऱ्या लोखंडी दांड्याकडे, नेतो. टकटक हा लिंक रॉड (त्या बारचं टोक सस्पेन्शनला जोडणारी छोटी दांडी) किंवा बॉल जॉइंटचा (गोळीच्या सांध्याचा) प्रांत. त्याचा कडकपणाशी फारसा संबंध नसतो आणि तो दुरुस्त करून दणका जाईल ही आशाही धरू नये.

हे ओळखायला एक ठरलेला रस्ता हवा आणि तो दर वेळी त्याच वेगाने, टायरमधल्या त्याच हवेवर कापायला हवा. गोव्यात यासाठी साहित्याची कमतरता नाही. पांढऱ्या पट्ट्यांचे रंबलर बारीक टोकदार धक्क्यांसाठी उत्तम. पुलाचे सांधे दोन्ही चाकांना एकाच वेळी, एकसारखा ठोका देतात. २०१९ मध्ये सुरू झालेल्या पणजीच्या अटल सेतूवर दुचाकी-तीनचाकींना बंदी असल्यामुळे ठरलेला वेग राखणं सोपं जातं (पुलावर थांबून वाकून बघायचं नाही, हे वेगळं सांगायला नको). गतिरोधकाचं मात्र बघून घ्या. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकातला गोलसर गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो आणि तो ताशी २५ किलोमीटरला आरामात पार व्हावा अशी अपेक्षा असते. आपल्या वाड्यावर रातोरात उगवलेला डांबराचा उभा बांध हा गतिरोधक नव्हे. त्यावर नवी कोरी गाडीही दणका देईल, त्यावरून आपल्या गाडीची परीक्षा घेऊ नका.

मागे कुणालातरी बसवा. चालवणाऱ्याला दणका स्टिअरिंगमधून जाणवतो, मागे बसलेल्याला सीटमधून. पुढचं की मागचं, डावं की उजवं, हे दोघांनी वेगवेगळं सांगावं आणि मग ताडून बघावं.

टायर: निम्मी प्रकरणं इथेच मिटतात

सकाळी, गाडी रात्रभर सावलीत उभी असताना हवा मोजा. स्वतःचा गेज घ्या; पेट्रोल पंपावरच्या गेजवर विश्वास ठेवायचा की नाही हे ज्याने त्याने ठरवावं. तापमान १० अंशांनी वाढलं की दाब सुमारे २ पीएसआयने वाढतो आणि चालून तापलेल्या टायरमध्ये आणखी. मेच्या उन्हात म्हापशाहून मडगावला जाऊन मोजलेल्या आकड्याला काही अर्थ नाही.

मोजलेला आकडा ताडायचा तो गाडीच्या स्टिकरशी. मर्सिडीज आणि स्कोडामध्ये तो पेट्रोलच्या झाकणाच्या आत असतो, बीएमडब्ल्यूत चालकाच्या दाराच्या चौकटीवर. तिथे दोन प्रकारचे आकडे असतात, थोड्या माणसांचे आणि पूर्ण भाराचे. पूर्ण भाराचा मोठा आकडा पाच माणसं, भरलेली डिकी आणि जर्मन महामार्गावरचा वेग धरून दिलेला असतो. आपल्याकडे एकटा माणूस फोंड्याहून पणजीला जातो आणि टायरवाला डोळे झाकून चाळीस भरतो. मग दणका बसणारच. स्टिकरवरच्या कमी भाराच्या आकड्यावर आणा आणि त्याच रस्त्यावरून फिरून या. मात्र त्याच्याही खाली जाऊ नका. मऊपणासाठी हवा कमी केली तर खड्ड्यात रिम वाकते आणि टायरची बाजू फाटते.

मग टायरची बाजू वाचा. चार आकड्यांचा शिक्का असतो. २३१९ असेल तर तो टायर २०१९ च्या २३ व्या आठवड्यातला. नक्षी भरपूर शिल्लक असली तरी सात-आठ वर्षांचं रबर घट्ट होतं, विशेषतः कमी फिरणाऱ्या गाडीत. जुन्या आलिशान गाड्या नेमक्या कमी फिरतात. गणपतीला, लग्नाला आणि कुणी पाहुणा दाबोळीला उतरला तर.

आता आकार. मर्सिडीजच्या डब्ल्यू२११ पिढीच्या ई-क्लासचा (२००२ ते २००९) साधा टायर २२५/५५ आर १६. त्याची बाजूची उंची येते १२४ मिलिमीटर. आधीच्या मालकाने हौसेने १८ इंची रिम घालून २४५/४० बसवला असेल, तर उंची उरते ९८. १९ इंची २४५/३५ असेल तर ८६. तिन्ही टायरांचा बाहेरचा व्यास जवळपास सारखाच, म्हणून स्पीडोमीटरला काही कळत नाही, पण धक्का पिणाऱ्या हवेच्या उशीतली जवळजवळ चार सेंटिमीटर गेली. वर मोठी रिम जडही असते. एवढं करून "सस्पेन्शन कडक झालं" म्हणत गॅरेज गाठणारे लोक मी पाहिलेत. शक्य असेल तर मित्राच्या त्याच मॉडेलची मूळ मापाची चाकं तासभर लावून फिरा. पंक्चर जॅक आणि पाना एवढाच खर्च, पण उत्तर पक्कं मिळतं.

बीएमडब्ल्यूवाल्यांनी रन-फ्लॅटचाही विचार करावा. पंक्चर झाल्यावरही काही अंतर चालावं म्हणून या टायरच्या बाजू मुद्दाम जाड आणि ताठ केलेल्या असतात. ई९० (३ सिरीज) आणि ई६० (५ सिरीज) या पिढ्यांच्या काळातले तर फारच ताठ. साधे टायर घातल्यावर या गाड्या ओळखू येत नाहीत इतक्या बदलतात. फक्त डिकीत स्टेपनी नसते हे लक्षात ठेवा. हवा भरायचा पंप आणि पंक्चरचं साहित्य सोबत हवं, नाहीतर चोर्ला घाटात रात्री टायर बसला की रन-फ्लॅटची आठवण येईल.

उंची मोजा आणि स्प्रिंगमध्ये कोण बसलंय ते बघा

सपाट जागा हवी. पेट्रोल पंपाचं आवार किंवा अलाइनमेंटचा रॅक चालेल. घरासमोरचं चिऱ्याचं अंगण बहुधा सपाट नसतं, दिसतं तेवढंच. चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत उभं माप घ्या. जमिनीपासून मोजू नका, टायर बदलला की ते माप खोटं ठरतं. चारही माप लिहून ठेवा. पुढचं डावं आणि उजवं यांत दहा-बारा मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर त्या कोपऱ्यात काहीतरी गडबड आहे. तुटलेल्या स्प्रिंगचा शेवटचा वेटोळा खालच्या बशीत लपून बसतो आणि वरून दिसत नाही; किनाऱ्याजवळच्या गाड्यांत गंजाने हे होतंच. चिखल धुऊन बॅटरीच्या उजेडात हात फिरवून बघा.

उंची कमी असेल तर कारण उघड आहे, स्प्रिंग बसली आणि चाक बंप स्टॉपच्या (सस्पेन्शन तळाला टेकताना शेवटचा धक्का झेलणारा ठोकळा) जवळ आलं. पण आपल्याकडे उलटा प्रकार जास्त. उंची जास्त आणि राइड कडक.

डिचोलीतल्या एका परिचिताकडे ई-क्लास आली तेव्हा मागून इतकी आपटायची की मागच्या सीटवरची आजी "माका रिक्षा बरी" म्हणायची. चाक काढल्यावर मागच्या स्प्रिंगच्या वेटोळ्यांत रबराचं जाड काळं कडं घट्ट बसवलेलं दिसलं. हेच ते स्प्रिंग बफर. गाडी गतिरोधकावर घासू नये म्हणून आधीच्या मालकाने घातलेले. बफर दोन वेटोळ्यांमधली जागा अडवतो, तेवढी वेटोळी काम करायची थांबतात आणि उरलेली स्प्रिंग आपोआप कडक होते. साबणपाणी मारून, पाना घालून ते बाहेर काढले तेव्हा गाडी मागून दोन बोटं खाली बसली आणि दणका निम्म्याहून कमी झाला. नवा सुटा भाग एकही लागला नाही. पुढच्या बाजूला हाच उद्योग स्प्रिंगच्या वर नायलॉनचं किंवा ॲल्युमिनियमचं पॅकिंग घालून केलेला असतो. त्यामुळे चाक खाली जाण्याची मोकळीक आटते आणि खड्ड्यात चाक उतरताना वरून "ठक्" असा आवाज येतो.

स्प्रिंग कधी बदललेली दिसली तर तिच्यावरचा नंबर आणि रंगाचे ठिपके टिपून घ्या. मर्सिडीज आणि बीएमडब्ल्यूमध्ये इंजिन, गिअरबॉक्स, सनरूफ अशा प्रत्येक गोष्टीचे गुण धरून त्या गाडीला कुठली स्प्रिंग लागेल हे ठरतं. "ई-क्लासची स्प्रिंग" अशी एकच वस्तू नसते. डिझेलची जड स्प्रिंग पेट्रोलला घातली की गाडी पुढून उंच आणि ताठ होते. मर्सिडीजमध्ये स्प्रिंगवर रबरी पॅड असतं, त्याच्या कडेला गाठी असतात. गाठी जितक्या जास्त तितकं पॅड जाड. डाव्या-उजव्या पॅडवरच्या गाठी मोजायला दोन मिनिटं लागतात.

बंप स्टॉप आणि दहा रुपयांची केबल टाय

"धप्प" आवाजाच्या गाड्यांसाठी ही सगळ्यात कामाची चाचणी आहे. शॉकअपच्या चकचकीत दांड्यावर धुळीपासून वाचवणारं रबरी नळकांडं असतं. ते वर सरकवा, दांड्याभोवती एक बारीक केबल टाय आवळा (दांड्यावर सरकेल इतपतच) आणि ती शॉकअपच्या अंगाला टेकवून ठेवा. नळकांडं तात्पुरतं वरच बांधा. ठरलेल्या रस्त्यावरून एक फेरी मारा. परत आल्यावर टाय दांड्यावर जिथे थांबली असेल, तिथपर्यंत चाक वर गेलं होतं. टाय बंप स्टॉपच्या आत घुसलेली किंवा त्याला चिकटलेली सापडली, तर तुमची गाडी स्प्रिंगवर नाही, बंप स्टॉपवर चाललीय. साध्या गतिरोधकावरच असं होत असेल तर उंची, स्प्रिंग किंवा (हवेवर चालणाऱ्या गाडीत स्प्रिंगच्या जागी असणारी) हवेची फुगी यांचा प्रश्न आहे. टाय जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर सरकली आणि दणका मात्र जोरात, तर चाकाला हलूच दिलं जात नाहीये. तेव्हा पुढचा बुशचा भाग वाचा.

बंप स्टॉप स्वतःही बघा. तो पिवळट फोमसारख्या पॉलियुरेथेनचा असतो. दमट हवेत हे द्रव्य वर्षांनुवर्षं पाणी पिऊन कुजतं आणि हात लावला की त्याचा चुरा होतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर गाडी ओल्यातच असते, त्यामुळे पंधरा वर्षांच्या गाडीत अनेकदा नळकांड्याच्या तळाशी नुसता भुगा सापडतो. तो नसेल तर शेवटचा धक्का धातूवर धातू असा येतो. वस्तू स्वस्त, पण ती बदलायला स्प्रिंग उतरवावी लागते. स्प्रिंग दाबायचं काम घरी करू नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जातो.

बुश: लटकत्या चाकावर आवळलेला बोल्ट

या मुद्द्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण दुरुस्तीनंतर गाडी आणखी कडक झाली असं सांगणारे जे भेटतात त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचं दुखणं इथे असतं.

कंट्रोल आर्मच्या (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा, वर-खाली होणारा हात) टोकाला जो रबरी बुश असतो तो बेअरिंगसारखा फिरत नाही. मधली लोखंडी नळी आणि बाहेरचं कडं या दोहोंना रबर चिकटवलेलं असतं. आर्म वर-खाली होतो तेव्हा ते रबर पिळलं जातं. बोल्ट आवळला की आतली नळी चासीला घट्ट धरली जाते, आणि आवळताना आर्म ज्या कोनात असेल तो कोन रबराची आरामाची जागा ठरतो.

आता आपलं गॅरेज डोळ्यांसमोर आणा. गाडी दोन खांबी लिफ्टवर, चाकं खाली लोंबकळतायत. मेस्त्रीने नवे बुश दाबून बसवले आणि तिथल्या तिथे इम्पॅक्ट गनने बोल्ट टाइट केले. रबराची आरामाची जागा ठरली ती लोंबकळत्या चाकाची. गाडी खाली उतरली, वजन आलं, आर्म वर गेला आणि सगळे बुश उभ्या गाडीतच पिळलेले राहिले. चार आर्म, आठ बुश, सगळेच विरुद्ध दिशेला ओढतायत. गाडी थोडी उंच दिसते, बारीक धक्क्यांवर ताठ लागते आणि नवे बुश वर्ष-दीड वर्षात फाटतात. मग "लोकल माल होता" असं म्हणून पुन्हा तेच.

तपासायला आणि सुधारायला नवा भाग लागत नाही. गाडी चार खांबी लिफ्टवर किंवा अलाइनमेंटच्या रॅकवर घ्या, म्हणजे वजन चाकांवर राहील. पुढचे-मागचे आर्मचे आतले बोल्ट एक-एक करून सैल करा, काढू नका. सैल करताना बुश "टक्" करून फिरला तर समजायचं की तो पिळलेला होता. सगळे सैल झाले की गाडी दोन-चार वेळा वर-खाली दाबून हलवा, आपल्या जागी बसू द्या आणि मग त्याच स्थितीत टॉर्क रेंचने (आवळण्याचा जोर मोजणारा पाना) कंपनीच्या आकड्यावर आवळा. काही बोल्ट ठरावीक टॉर्कनंतर आणखी अंशांत फिरवायचे असतात. असे बोल्ट एकदाच वापरायचे, उघडले की नवे घालायचे. रॅक मिळत नसेल तर चाक काढून हबखाली जॅक लावा आणि आधी लिहून ठेवलेलं उंचीचं माप येईपर्यंत उचला, मग आवळा. बाकी गाडी स्टँडवर भक्कम उभी हवी. पावसाळ्यात मातीच्या अंगणात स्टँडखाली जाड फळी घातल्याशिवाय खाली शिरूच नका.

बीएमडब्ल्यूच्या जुन्या मॉडेलांत ही "सामान्य स्थिती" कंपनीनेच ठरवून दिलीय. पुढच्या दोन सीटवर प्रत्येकी ६८ किलो, मागच्या सीटच्या मध्यावर ६८, डिकीत २१ आणि टाकी पूर्ण भरलेली. अलाइनमेंटच्या दुकानात हे वजन ठेवायला सांगितलं की लोक विचित्र नजरेने बघतात. तांदळाची पोती नेली तरी चालतात.

आता बुश मेलाय का, हे बघायचं. रबराला कडेने भेगा, एका बाजूला सरकलेली नळी आणि ओला डाग या खुणा. ई३९ आणि ई६० या ५ सिरीज गाड्यांत पुढच्या तिरप्या आर्मचा बुश आतून द्रवाने भरलेला असतो. तो फुटला की काळपट तेल ओघळलेलं दिसतं, रंबलरवर स्टिअरिंगमध्ये थरथर येते आणि ताशी ८०-१०० वर ब्रेक मारला की स्टिअरिंग हलतं. यावर पॉलियुरेथेनचा किंवा कारखान्यात ओतून घेतलेला पक्का बुश घालायचा सल्ला मिळेल, "आयुष्यभर बघायला नको" या आश्वासनासह. तो टिकतो हे खरं. पण आलिशान गाडीत मूळचं मऊ रबर ज्यासाठी घातलेलं असतं, तेच काम तो करत नाही.

स्टॅबिलायझर, माउंटिंग

एका चाकाच्या खड्ड्यात हिसका बसत असेल तर स्टॅबिलायझर बारचे दोन्हीकडचे लिंक रॉड सोडा, टोकं कशालाही घासणार नाहीत अशी बांधा आणि रिकाम्या रस्त्यावर अगदी हळू एक फेरी मारा. वळणावर गाडी जास्त कलेल, म्हणून वेग रिक्षाचाच ठेवा. हिसका गेला तर बारचे मधले रबर तपासा. किनारपट्टीच्या गाड्यांत रबराखाली बारवर गंजाचा थर फुगतो आणि बार जॅम होतो. रायबंदर-चोडण फेरीबोटीवर रोज चढणाऱ्या गाड्यांच्या पोटाला रॅम्पवरचं खारं पाणी लागतंच. त्या गाडीत हा संशय आधी घ्यावा. बार घासून स्वच्छ करून योग्य मापाचे रबर बसवायचे. व्यास मिलिमीटरनेही चुकला तर पुन्हा घट्ट.

पुढच्या शॉकअपचं वरचं माउंटिंग बॉनेट उघडून बघता येतं. एकाने गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवायचं, दुसऱ्याने माउंटिंगवर हात ठेवायचा. हाताला अडखळत उडी जाणवली तर बेअरिंग गेलं. रबर खचून कडं वर आलेलं दिसलं तर ते धक्का पीत नाही, सरळ बॉडीला देतं. मागच्या सबफ्रेमचे (मागचं सस्पेन्शन ज्यावर बसतं ती चौकट) मोठे बुशही असेच खचतात, पण ते शेवटी बघा. काम मोठं आहे.

आता शॉकअप

कोपरा दाबून सोडायची चाचणी सगळ्यांना माहीत आहे. गाडी एक-दीड हेलकाव्यात थांबायला हवी. पण त्यातून फक्त पूर्ण मेलेला शॉकअप कळतो. शॉकअप कडकपणाला कारण ठरतो तो मोजक्या वेळी. दांडा वाकून अडकत असेल, चुकीच्या मॉडेलचा किंवा स्पोर्ट प्रकारचा बसवला असेल, किंवा आत जॅम झाला असेल तेव्हा. बाहेर काढल्यावर हाताने हळू दाबा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा विरोध हवा, गॅसचा असेल तर सोडल्यावर स्वतःहून वर यायला हवा. मध्येच मोकळा आणि मध्येच अडकणारा असेल तर बदला, आणि एका ॲक्सलवर दोन्ही बदला. नव्या शॉकअपचा पार्ट नंबर चासीच्या नंबरवरून काढून घ्या. स्पोर्ट पॅकेजची गाडी मूळचीच ताठ असते, हेही त्याच वेळी कळतं.

हवेवर चालणाऱ्या गाड्या

१९९८ च्या डब्ल्यू२२० एस-क्लासबरोबर एअरमॅटिक, म्हणजे मर्सिडीजचं हवेवरचं सस्पेन्शन, आलं. २००२ नंतरची ऑडी ए८ हवेवरच. डिस्कव्हरी ३ आणि रेंज रोव्हरवाल्यांना तर सांगायलाच नको. यात स्प्रिंगच्या जागी हवेची रबरी फुगी असते. हवा गेली की गाडी बंप स्टॉपवर बसते आणि मग दगड.

संध्याकाळी चारही उंची मोजा, गाडी बंद करा आणि सकाळी दार न उघडता पुन्हा मोजा. दार उघडलं की बऱ्याच गाड्यांचा कंट्रोल युनिट जागा होऊन उंची सावरायला लागतो. काही मिलिमीटरचा फरक तापमानाचा असतो. एकच कोपरा बसला असेल तर त्या फुगीच्या घडीवर साबणपाणी मारून बुडबुडे शोधा, जोडाच्या नळीवरही. पुढची दोन्ही बसली असतील तर व्हॉल्व ब्लॉककडे बघा. गळतीमुळे कॉम्प्रेसर सतत चालतो, तापतो आणि जळतो. त्याचा रिले चिकटला तर तो थांबतच नाही. म्हणून कॉम्प्रेसर बदलताना रिलेही बदलायचा, आणि गळती काढल्याशिवाय नवा कॉम्प्रेसर बसवायचा नाही. हवेवर उभ्या असलेल्या गाडीखाली हातही घालू नका, स्टँड लागतेच.

उंची बरोबर असून राइड ताठ असेल तर इलेक्ट्रॉनिक डँपर (विजेने मऊ-कडक होणारा शॉकअप) तपासा. बहुतेक रचनांत वीज तुटली की डँपर सुरक्षेसाठी कडक बाजूला जातो. म्हणजे शॉकअप उत्तम, पण त्याचा प्लग हिरव्या गंजाने भरलेला किंवा वायर उंदराने कुरतडलेली. पावसाळ्यात उंदरांना गरम इंजिनाशेजारी घर करायला फार आवडतं. स्कॅनरवर चारही सेन्सरची उंची आणि डँपरचे दोष दिसतात. साधा स्वस्त स्कॅनर इंजिनाचेच कोड दाखवतो, त्या कंपनीचा सस्पेन्शन मॉड्यूल वाचणारा हवा.

हवेची व्यवस्था काढून साध्या स्प्रिंग घालणारे पुष्कळ आहेत. गावात गाडी ठेवणाऱ्याने तसं केलं तर मी नाक मुरडणार नाही. पण त्या किटमधल्या स्प्रिंगा अनेकदा गरजेपेक्षा ताठ असतात, आणि मग तुम्ही पुन्हा या लेखाच्या पहिल्या परिच्छेदात येता. घ्यायच्या आधी तशी केलेली एखादी गाडी स्वतः चालवून बघा.

काम झाल्यावर

एका वेळी एकच बदल करा आणि दर वेळी ठरलेल्या रस्त्यावरून फेरी मारा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी मेस्त्री पुन्हा चारही विकतो. काढलेले भाग मागून घ्या. आर्म, स्प्रिंग किंवा उंची यांपैकी कशालाही हात लागला असेल तर अलाइनमेंट करून घ्या आणि आधीचे-नंतरचे आकडे छापून मागा.

झेनॉन दिवे असलेल्या गाड्यांत आणखी एक काम राहतं. दिव्यांची उंची आपोआप ठरवणारा सेन्सर आर्मला छोट्या दांडीने जोडलेला असतो. बफर काढून गाडी खाली बसली किंवा दांडीचा जोड गंजून तुटला की दिव्यांचा झोत चुकतो. रात्री भिंतीसमोर गाडी उभी करून दोन्ही झोतांची रेषा बघा, आणि चुकली असेल तर स्कॅनरने सेन्सरचं शून्य नव्याने लावून घ्या, नाहीतर साखळी-वाळपईच्या अरुंद रस्त्यावर समोरचा प्रत्येकजण तुम्हाला डिपर मारत राहील.